तपकिरी काठ

मेणाचा वास आला की मला अजूनही झोप येते. चांगली, गोड, दुपारची झोप. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं मेण वितळवलं, रोग्यांच्या गाठी त्यात बसवल्या, त्यांचे ठोकळे केले आणि त्या ठोकळ्यांचे काप काढले. लोक विचारायचे, "काय करता तुम्ही तिथं?" मी सांगायचो, "कापतो." मग ते जरा लांब सरकून बसायचे. म्हटलं, बसा बाप्पा, मला काय!

पण त्या कापण्यात किती सुख होतं ते कोणाला सांगून कळणार नाही. मायक्रोटोम नावाच्या यंत्राचं चाक हळूहळू फिरवायचं. पात्याखालून एकाला एक चिकटलेले काप बाहेर येतात, त्यांची लांब फीत होते. ती फीत कोमट पाण्यावर सोडली की पसरते, तिच्या सुरकुत्या जातात आणि ती तरंगत राहते. माणसाच्या शरीराचा तुकडा, केसाहून कितीतरी पातळ, पाण्यावर निवांत पडलेला. खिडकीतून दुपारचं ऊन त्या पाण्यावर यायचं. मी खालून काचपट्टी घालून एकेक काप उचलायचो आणि त्या वेळी मला ना घर आठवायचं, ना साहेबांची बोलणी. कित्येकदा चहा समोर येऊन थंड व्हायचा.

आम्ही विणकर. वडील हातमागावर लुगडी विणायचे, सूतही घरीच रंगवायचे. नंतर आम्ही नागपुरात नंदनवनला राहायला आलो. दादा गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात लागला, मी या नोकरीत. माग मात्र एकच उरला, मागच्या खोलीत, आणि तो चालवायची वहिनी. ती कुहीकडच्या एका खेड्यातली, तिच्या माहेरी मागही होता आणि थोडी धानाची शेतीही. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो. माझी आई लवकर गेलेली. तापात माझ्या उशाशी बसली ती वहिनी, आणि दहावीला नापास झालो तेव्हा दादाच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली तीही वहिनीच. हे मी इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी असा गाढवपणा का केला ते कळेल.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. वहिनीच्या छातीत गाठ निघाली. तिनं ती पाच-सहा महिने कोणालाच सांगितली नाही. सांगितली तेव्हा सर्जननी तिचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि तो आला माझ्याच टेबलावर. कागदावरचं नाव मी दोनदा वाचलं. पण काप मीच काढले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नसता.

नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगात तो तुकडा काही बोलेना. आमच्या मॅडम, म्हणजे विभागातल्या डॉक्टर, तीन दिवस ती स्लाइड पाहत होत्या. दुधाच्या बारीक बारीक नळ्या दाटीवाटीनं, वेड्यावाकड्या पसरलेल्या. मॅडम म्हणाल्या, "हे साधंही असू शकतं, कॅन्सरही असू शकतो. दोन्ही असेच दिसतात." सर्जन म्हणाले, शंका आहे तर पूर्ण स्तन काढून टाकू, पुढच्या आठवड्याची तारीख घ्या. दादा मान डोलवत होता. वहिनी मात्र म्हणाली, "नसन तं कापू नका. असन तं ठेवू नका. पण आधी मले सांगा, आहे का नाही." एवढंच तिचं म्हणणं होतं आणि ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

मॅडम तेव्हा नुकत्याच परदेशात शिकून आल्या होत्या. येताना थर्मासमध्ये बर्फ घालून त्यांनी एक बाटली आणली होती, करंगळीच्या पेराएवढी. मोनोक्लोनल अँटिबॉडी. हा शब्द आम्ही त्यांच्याच तोंडून प्रथम ऐकला. मॅडमनी मला समजावलं ते असं. आतड्याच्या नि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक स्नायू असतो, आपल्या मर्जीशिवाय हलणारा. त्यात एक ठरावीक प्रथिन असतं. बाटलीतलं औषध फक्त ते प्रथिन ओळखतं, बाकी कशाला चिकटत नाही. ते जिथं चिकटेल तिथं नंतर तपकिरी रंग चढवता येतो.

"आणि गंमत म्हणजे," मॅडम म्हणाल्या, "दुधाच्या नळीभोवती पेशींचा एक पातळ थर असतो, त्यातही हेच प्रथिन असतं. साधी गाठ असली तर नळी कितीही वाकडी होवो, तो थर राहतो. कॅन्सर पसरायला लागला की तो थर नाहीसा होतो."

"म्हणजे काठ," मी म्हणालो. "लुगड्याचा काठ. आहे तं चांगलं, नाही तं वाईट."

मॅडम हसल्या. "हो. तपकिरी काठ."

ती बाटली त्यांच्या स्वतःच्या कामासाठी होती, थेंब थेंब जपून वापरायची. तरी त्यांनी आपणहून वहिनीच्या स्लाइडसाठी त्यातलं औषध काढून दिलं. नेमकं त्याच वेळी त्यांना चार-पाच दिवस बाहेरगावी जायचं होतं. माझ्याकडून त्यांनी सगळी कृती दोनदा म्हणवून घेतली. सर्जनना तारीख पुढं ढकलायला लावली. आणि जाताना सांगितलं, "स्लाइड तयार करून ठेव. मी आल्यावर बघू."

मी आल्यावर बघू. साधं मराठी वाक्य आहे. मला ते कळलं नाही.

काम मी अगदी मन लावून केलं. जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ओला कापूस पसरला, त्यावर काचेच्या दोन कांड्या ठेवल्या, कांड्यांवर स्लाइडा. काप वाळू नयेत म्हणून ही युक्ती. झाकण लावून तासभर बसलो. बाहेर कडुनिंबाची पानं हलत होती, कुठंतरी रेडिओ चालू होता. त्या डब्यात वहिनी आहे असं काहीतरी वेड्यासारखं मला वाटत होतं आणि मी तिच्या उशाशी बसलो आहे. ती माझ्या तापात बसली होती तसा.

आता माझी चूक सांगतो. आमच्या घरात सूत रंगवायची एक रीत होती. विकायच्या लुगड्याचं सूत रंगात ठरलेल्या वेळा बुडवायचं. पण घरच्या माणसासाठी, लेकीसुनेसाठी लुगडं असलं की एक बुडी जास्त. वडील म्हणायचे, घरच्याले हात आखडू नये. वहिनीच्या लग्नातल्या लुगड्याला त्यांनी तशी जास्तीची बुडी दिलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. आणि मी, विज्ञानाचं शिक्षण घेतलेल्या, पांढरा कोट घातलेल्या माणसानं, वहिनीच्या स्लाइडवर एका थेंबाच्या जागी दोन थेंब टाकले. तपकिरी रंगात पाच मिनिटं ठेवायची ती पंधरा मिनिटं ठेवली. रंग नीट चढतो का ते पडताळायला सोबत ठेवलेली अपेंडिक्सची स्लाइड मात्र बरोबर पाच मिनिटांत काढली. ती परक्याची होती ना!

मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. अहाहा! काय रंग चढला होता! जिथं पाहावं तिथं तपकिरी, ओल्या मातीसारखा दाट. पहिली नळी पाहिली, काठ तपकिरी. दुसरी पाहिली, तपकिरी. शेवटच्या नळीपर्यंत गेलो, एकही सुटली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. मी खरोखर मोठ्यानं हसलो, आणि बाजूचा चपराशी पाहायला आला.

सायकल काढली आणि थेट घरी. वहिनी मागाजवळ बसली होती, पण विणत नव्हती. मी दारातूनच ओरडलो, "वहिनी, काही नाही! साधी गाठ आहे!" तिनं माझ्याकडं पाहिलं. मग पदर तोंडाला लावला नि अशी रडली, अशी रडली, की दादा दुकानातून आल्यावर घाबरलाच. "काय झालं गा?" म्हणाला. मी सांगितलं तर तोही रडायला लागला. दोघांना रडवून मी आपला राजासारखा चहा पीत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी माहेरी गेली. धानाची कापणी सुरू होती आणि दोन वर्षांत ती कापणीला गेली नव्हती.

पाचव्या दिवशी मॅडम परत आल्या. मी स्लाइड त्यांच्या पुढ्यात ठेवली, शाबासकी घ्यायला उभा राहिलो. त्यांनी पाहिलं. फार वेळ लागला नाही. म्हणाल्या, "इकडे ये. हे काय आहे?"

"नळी."

"नळीच्या आतल्या पेशी कोणत्या रंगाच्या?"

मी पुन्हा पाहिलं. तपकिरी.

"बाजूची चरबी?"

तपकिरी. मधली जाळी तपकिरी. जिथं काहीच नाही तिथंही तपकिरी.

"सगळंच तपकिरी असेल," मॅडम म्हणाल्या, "तर काठ कुठला?"

मला कोणी थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. किती वेळ ठेवलीस असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी खरं सांगितलं. घरची बुडी वगैरे सगळं. त्या रागावल्या नाहीत, आणि म्हणूनच मला जास्त लाज वाटली. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली. तळाशी थोडंसं होतं. मेणाच्या ठोकळ्यातली गाठही संपत आली होती. एक स्लाइड होईल, फार तर.

"घरी सांगितलंस का?"

"हो."

"काय?"

"काही नाही म्हणून."

मॅडमनी चष्मा काढला, डोळे चोळले. "मग आधी जा आणि ते परत घे. स्लाइड उद्या करू."

कुहीची एसटी त्या दिवशी मला फार हळू चालावी असं वाटत होतं, आणि ती बरोबर वेळेवर पोचली. पुढं गावापर्यंत चालत गेलो. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, अर्ध्या कापलेल्या, अर्ध्या पिवळ्या उभ्या. वाऱ्यात ताज्या पेंढ्याचा वास होता. ऊन असं मऊ की चालता चालता डोळे मिटावे. बायांचा हसण्याचा आवाज लांबून येत होता. मला वाटलं, हा रस्ता असाच राहावा, मी चालत राहावं नि कधी पोचूच नये.

वहिनी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून पाणी पीत होती, हातात विळा. मला पाहून तोंडभर हसली. "आले का भाऊजी! एकटेच? बसा, भाकर खाऊन घ्या." चार-पाच दिवसांत तिचा चेहरा भरला होता, खरंच सांगतो. मी बसलो. भाकर खाल्ली. मिरचीचा ठेचा होता, तोही खाल्ला. किती निर्लज्ज असतो माणूस, असं काही सांगायला आलेला असतानाही खातो. मग तिनं विचारलं, "काहून आले? सुट्टी आहे का?" तेव्हा सांगितलं.

ती आधी समजलीच नाही. "म्हणजे आहे का?"

"माहीत नाही, वहिनी."

"म्हणजे नाही का?"

"तेही माहीत नाही. मी रंग जास्त चढवला. त्या स्लाइडवरून काहीच कळत नाही."

"मंग त्या दिवशी काहून सांगतलं तू?"

"मले वाटलं..."

"तुले वाटलं!" तिनं विळा खाली आपटला. बायांचं हसणं थांबलं. इतक्या वर्षांत ती मला कधी एकेरीत बोलली नव्हती. "माह्या जिवाचं तुले वाटलं! सहा महिने मले झोप नव्हती. हे चार रात्री झोपली मी, आईजवळ, लहान पोरीसारखी. आता ते काय करू? कुठं ठेवू?"

मी मान खाली घालून बसलो आणि माझ्या चपलांवर टपटप पाणी पडलं ते माझंच होतं. तिनं माझी समजूत काढली नाही. काढावी अशी माझी लायकीही नव्हती. थोड्या वेळानं ती उठली, आईला काहीतरी सांगितलं, पिशवी भरली आणि माझ्यापुढं एसटीकडे चालायला लागली.

वाटेत ती एकच वाक्य बोलली. खिडकीबाहेर पाहत विचारलं, "चांगलं कसं दिसते?" मी सांगितलं. आतल्या पेशी निळ्या, आणि नळीभोवती तपकिरी काठ, बारीक पण सलग. वाईट असेल तिथं काठ नसतो. तिनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत प्रयोगशाळेत आली. मी नको म्हणालो, दादा नको म्हणाला. तिनं कोणाचंच ऐकलं नाही. मॅडमनी तिला खिडकीजवळ खुर्ची दिली. मी शेवटचा काप काढला. तो कोमट पाण्यावर पसरला तेव्हा वहिनी उठून जवळ आली, पाण्याकडं पाहत उभी राहिली. "हे माह्यं?" मॅडम हो म्हणाल्या. तिनं पाण्यावर फुंकर घातली नाही, बोट लावलं नाही, नुसती पाहत राहिली. ऊन तिच्या हातावर पडलं होतं.

मग मी काम केलं. कसं केलं ते सांगतो. ती कोणी नाही असं समजून केलं. कागदावरचा एक नंबर, नाव नाही, गाव नाही. थेंब एकच. घड्याळ समोर ठेवून, मिनिटाला मिनिट. तपकिरी रंगात स्लाइड सोडली आणि पाचव्या मिनिटाला उचलली. उचलताना, अजून थोडी राहू दे असं मनातून कोणीतरी म्हणत होतं. तरी उचलली. आयुष्यात मी कोणाशी इतकं परक्यासारखं वागलो नसेन, आणि इतका जीवही कधी लावला नसेल.

या सगळ्याला दुपार झाली. मॅडमनी आधी पाहिलं. त्या स्लाइड हळूहळू सरकवत होत्या. मध्येच थांबल्या, तिथंच राहिल्या. मग उठल्या आणि मला बस म्हणून खूण केली.

सुरेख झाली होती. निळ्या निळ्या पेशी, आणि प्रत्येक नळीभोवती तपकिरी काठ, नेटका, कुठं न फुटलेला. पहिल्या क्षणी मला हसू येणार होतं. मग वरच्या कोपऱ्याकडं नजर गेली. तिथं चार-पाच बारीक नळ्या होत्या. निळ्या. नुसत्या निळ्या.

पुढचं सगळं झालं ते आता भराभर सांगून टाकतो. आठवड्याभरात ऑपरेशन झालं. कोपरा लहान होता, वेळेवर सापडला. वहिनी बरी झाली, मागावर परत बसली, नातवंडं मांडीवर घेतली, माझ्या बायकोशी भांडली, आणि माझी निवृत्ती पाहून मग म्हातारपणानं गेली. मॅडम म्हणायच्या की त्या पहिल्या स्लाइडवर सगळे विसंबून राहिलो असतो तर काय झालं असतं. मी तिथून उठून जायचो. पण मला जेव्हा वहिनी आठवते तेव्हा यातलं काही आठवत नाही. त्या दुपारचा पुढचा भागच आठवतो.

मी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. वहिनी समोर उभी होती. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो देव जाणे, कदाचित पुन्हा खोटंच.

"सांगू नको," ती म्हणाली. "दाखव."

मी मॅडमकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी उठलो, स्टूल तिच्यासाठी खाली केलं. तिला आधी काहीच दिसेना, स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मी तिच्या हाताला धरून स्क्रू फिरवायला शिकवलं. मग तिचा हात थांबला. "अगं माय वं," असं हळूच म्हणाली. ती एकेक नळी पाहत गेली. खोलीत पंखा फिरत होता. मी कोपरा कुठला ते सांगितलं नव्हतं, मॅडमनीही नाही. चित्रात पन्नास-साठ नळ्या तरी होत्या.

"वरती," ती म्हणाली. डोळा तसाच लावलेला. "उजव्या कोपऱ्यात. तिथं काठ नाही."

मॅडम पुढं आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "नाही," म्हणाल्या.

"बाकी साऱ्याले आहे."

"हो."

"मंग काढा," वहिनी म्हणाली. भाजी घ्यायला सांगावी तशी म्हणाली. तेव्हा माझा बांध फुटला. मी तिथंच, पांढऱ्या कोटात, भिंतीला टेकून ढसाढसा रडायला लागलो. तिनं डोळा काढून माझ्याकडं वळून पाहिलं.

"तुम्ही काहून रडून राहिले, भाऊजी?" ती म्हणाली. "हे तं तुम्ही नाही केलं."

मॅडम स्लाइड काढायला वाकल्या. वहिनीनं त्यांचा हात धरला. "थांबा न जराशा," म्हणाली, आणि परत खाली वाकली. "अजून पाहू द्या."